कृषी सेवा केंद्राच्या ग्राहक-नोंदींतून काय साधावे आणि काय टाळावे

लातूर जिल्ह्यात वडिलांसोबत कृषी सेवा केंद्र सांभाळणाऱ्या एका तरुण दुकानदाराचा प्रश्न असा आहे: गेल्या काही हंगामांची बिले संगणकात आहेत, दोनेक हजार शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक हाताशी आहेत, मोठ्या ऑनलाइन कंपन्या प्रत्येक ग्राहकाला त्याच्या उपयोगाच्या वस्तू दाखवतात, तसे आपल्याला प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या गरजेप्रमाणे संदेश पाठवता येतील का, त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर घ्यावे का, आणि कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावे? मराठवाड्यातील बी-बियाण्यांच्या आणि खतांच्या दुकानांसोबत मी बरीच वर्षे याच कामात आहे, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो.

असे संदेश नक्कीच पाठवता येतील, आणि तुमच्या व्यवसायात त्यांचा जेवढा उपयोग आहे तेवढा फार थोड्या व्यवसायांत असेल. मात्र संदेशाच्या सुरुवातीला शेतकऱ्याचे नाव घातले की तो संदेश त्याच्यासाठीचा झाला, ही समजूत आधी सोडावी लागेल. नाव घालण्याची सोय आता कोणत्याही स्वस्त सेवेत मिळते, आणि नावापुढे जर सगळ्यांना सारखीच, गोदामात पडून राहिलेल्या औषधाची जाहिरात असेल, तर शेतकऱ्याच्या ते दुसऱ्या वाक्यातच लक्षात येते. त्याच्या रानात आज कोणते पीक उभे आहे, त्याची पेरणी कधी झाली आणि शेताला पाणी आहे की नाही, हे दुकानदाराला ठाऊक आहे असे दिसले, की शेतकरी तो संदेश शेवटपर्यंत वाचतो. तुमच्या संगणकात नाव, क्रमांक आणि एकूण खरेदी ही माहिती भरपूर आहे. पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख आणि ओलिताची सोय ही माहिती मात्र विखुरलेली आहे किंवा मुळीच नाही. तेव्हा पहिला हंगाम संदेश पाठवण्यापेक्षा नोंदी नीट करण्यात घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदींमधली पहिली अडचण ओळखीची असते. एकाच गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे तीन-चार जण सहज सापडतात, एकच माणूस तीन भावांचा माल एका बिलावर नेतो, आणि बटाईने रान करणारा व ज्याच्या नावे सातबारा आहे तो, या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. म्हणून वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक या तिन्हींवरून खाते ओळखावे आणि बिल करताना ‘माल कोणाच्या रानासाठी’ एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय काउंटरवरच्या माणसाला लावावी. तो प्रश्न विचारला नाही, तर तिघा भावांचे बारा एकर तुमच्या यादीत एकाच मोठ्या शेतकऱ्याच्या नावावर दिसतात आणि पुढचे सगळे हिशेब त्या चुकीवर उभे राहतात.

एवढे झाले की जुनी बिलेही बरेच काही सांगू लागतात. सोयाबीनला हेक्टरी साधारण ६५ किलो, म्हणजे एकरी २६ किलोच्या आसपास बियाणे लागते. त्यामुळे नेलेल्या बियाण्यावरून क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. त्याच बिलात तुरीचे बियाणे असेल, तर बहुधा त्या रानात सोयाबीन-तूर आंतरपीक आहे. असे असेल तर ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाल्यावरही ते रान मोकळे होत नाही, तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. या शेतकऱ्याला हरभऱ्याच्या बियाण्याची ऑफर पाठवणे निरर्थक आहे. त्याला तूर कळी-फुलोऱ्यात येताना शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे लक्ष देण्याची आठवण हवी असते. याउलट ज्याच्या बिलात नुसते सोयाबीन आहे आणि ज्याच्याकडे थोडी ओल किंवा पाणी आहे, त्याचे रान काढणीनंतर हरभऱ्यासाठी मोकळे होते आणि त्याला बियाणे, बुरशीनाशक व रायझोबियमची (मुळांवर गाठी करून पिकाला हवेतला नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंची) गरज ऑक्टोबरच्या मध्यापासून पडते. कापूस लावणाऱ्याचे रान तर हिवाळाभर अडकलेले असते. बिलातल्या दोन ओळी एकत्र वाचल्याने एवढा फरक पडतो, आणि त्यासाठी कोणतेही गुंतागुंतीचे गणित लागत नाही. पीकपद्धती जाणणारा माणूस मात्र लागतो, जो तुमच्या घरातच आहे.

व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ग्राहकांची वर्गवारी करण्याची एक जुनी रीत सांगितलेली असते: ग्राहक शेवटचा कधी आला, किती वेळा आला आणि त्याने किती रुपयांचा माल घेतला, या तीन गोष्टींवरून त्याला गुण द्यायचे, आणि ज्याचे गुण घसरले तो आपल्यापासून दूर चालला असे समजून त्याला सवलत द्यायची. किराणा किंवा कापडाच्या दुकानात ही रीत बऱ्यापैकी चालते. आपल्याकडे ती आंधळेपणाने वापरली तर हमखास फसवते, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण सोयाबीनचेच आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्याने एकदा सुधारित वाणाचे प्रमाणित बियाणे घेतलेला शेतकरी पुढची दोन-तीन वर्षे घरचेच बियाणे राखून पेरू शकतो, आणि कृषी विभागही दरवर्षी तसे आवाहन करतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याने २०२४ मध्ये तुमच्याकडून एमएयूएस (परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या) वाणाचे बियाणे नेले आणि २०२५ मध्ये नेले नाही, तो दुसऱ्या दुकानात गेला असेलच असे नाही. तो शहाण्यासारखा वागत असण्याची शक्यता अधिक आहे. त्याला बियाण्यावर सवलतीचा संदेश पाठवाल, तर त्याने घेतलेल्या चांगल्या निर्णयाच्या विरोधात तुम्ही बोलत आहात असा त्याचा अर्थ होतो. त्याऐवजी मे महिन्याच्या शेवटी त्याला एवढेच कळवा की घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी, ७० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर नेहमीचे बियाण्याचे प्रमाण पुरते, त्याहून कमी असतील तर प्रमाण वाढवावे किंवा बियाणे बदलावे, आणि पेरणीआधी बीजप्रक्रिया करावी, म्हणजे बियाण्याला औषध व जिवाणूसंवर्धक चोळावे. बीजप्रक्रियेची औषधे आणि जिवाणूसंवर्धके तो तुमच्याकडूनच घेईल, आणि उगवण कमी आली तर बियाण्यासाठीही तुमच्याकडेच येईल. संकरित कापसाचे बियाणे मात्र दरवर्षी नवेच घ्यावे लागते; त्यामुळे कापूस लावणारा शेतकरी सलग दोन हंगाम पाकिटे न्यायला आला नाही, तर त्याने पीक बदलले की दुकान, हे विचारणे योग्य ठरते. एकाच यादीतल्या या दोन गैरहजेऱ्यांचे अर्थ इतके वेगळे आहेत.

मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचा तुम्ही उल्लेख केला आहे, म्हणून त्यांच्या रीतीबद्दलही सांगतो. ‘ज्यांनी ही वस्तू घेतली त्यांनी तीही घेतली’ अशी शिफारस करण्याची पद्धत ॲमेझॉनने प्रसिद्ध केली आणि तिच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये तिच्यावर निबंधही लिहिला. तिच्या मुळाशी लाखो ग्राहकांनी स्वतः निवडून केलेल्या कोट्यवधी खरेद्या असतात. तुमच्या दुकानात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक तर दोन हजार खात्यांत योगायोगाने जुळून आलेल्या जोड्या खऱ्या जोड्यांइतक्याच ठळक दिसतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: आपल्याकडे शेतकरी पुष्कळदा पीक आणि रोगाचे लक्षण सांगतो, आणि औषध काउंटरवरचा माणूस काढून देतो. म्हणजे बिलात दिसणारी जोडी शेतकऱ्याची निवड नसते, तुमचा सल्ला आणि त्या दिवशीचा साठा असतो. त्या बिलांवरून यंत्राला शिकवले तर ते तुमचाच जुना सल्ला तुम्हाला परत ऐकवील, आणि एखाद्या वर्षी कंपनीच्या योजनेपोटी अनावश्यक टॉनिक सगळ्यांच्या गळ्यात घातले गेले असेल, तर तेही ‘शेतकऱ्याची आवड’ म्हणून पुढे येईल.

आता वेळेकडे वळतो, कारण माझ्या मते या सगळ्या कामाचे मोल वेळ साधण्यातच आहे. मराठवाड्यात पाऊस एका महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) पडतो आणि शेजारच्या मंडळात पडत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विद्यापीठाचा आणि कृषी विभागाचा सल्ला असतो. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन गावांच्या पेरण्यांमध्ये पंधरा-वीस दिवसांचे अंतर पडू शकते आणि दुबार पेरणीची वेळ आलेल्या वर्षी त्याहूनही अधिक. म्हणून ‘एक जुलैला सगळ्यांना तणनाशकाचा संदेश’ असे वेळापत्रक करू नये. सोयाबीनमधील उगवणीनंतरची तणनाशके पेरणीपासून साधारण १५ ते २० दिवसांत, तण दोन ते चार पानांचे असताना आणि जमिनीत ओल असताना फवारायची असतात. संदेश बाराव्या-तेराव्या दिवशी पोहोचला तर तो उपयोगाचा असतो, पंचविसाव्या दिवशी पोहोचला तर नुकसानीचा ठरू शकतो. पेरणीची तारीख मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे विचारणे. बियाणे देताना सांगावे की पेरणी झाली की या क्रमांकावर पीक आणि तारीख कळवा, त्याप्रमाणे पुढची आठवण देऊ. ज्यांच्याकडून तारीख येणार नाही, त्यांच्यासाठी मंडळाचा पाऊस आणि बिलाची तारीख यांवरून अंदाज बांधता येतो. पण अंदाजाला अंदाजासारखेच बोलावे. ‘तुमच्या सोयाबीनला आज पंधरा दिवस झाले’ असे ठामपणे लिहू नये, ‘पेरणीला पंधरा दिवस होत आले असतील तर’ असे लिहावे. ज्याची पेरणी मोडली त्याला पहिले वाक्य जिव्हारी लागते.

कापसात गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावून पतंग मोजायला सांगावे आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले तरच फवारणीचा विचार करावा, हे कळवावे. ज्याने सापळे नेले आहेत त्यालाच पतंग मोजण्याची आठवण द्यावी, ज्याने नेले नाहीत त्याला आधी सापळ्यांची. औषधाचे नाव सुचवताना ते त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी लेबल क्लेम असलेलेच, म्हणजे त्या वापराची मंजुरी लेबलवर छापलेलेच असावे, यात सवलत नको. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानाधारित कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तुमचे संदेश त्याच्याशी ताडून पाहिले तर दुकानाचा शब्द आणि विद्यापीठाचा शब्द एकमेकांविरुद्ध जाणार नाहीत.

संदेश कोणत्या माध्यमाने जातो, याचाही विचार हवा. तुमच्याकडे असलेला क्रमांक कित्येकदा शिकायला लातूरला किंवा पुण्याला राहणाऱ्या मुलाचा असतो, आणि रानात असलेल्या वडिलांकडे साधा फोन असतो. म्हणून ‘संदेश कोणाच्या फोनवर आणि कसा हवा’ ही नोंदही ठेवावी. ज्यांना वाचण्यापेक्षा ऐकणे सोयीचे आहे त्यांच्यासाठी तुमच्या किंवा वडिलांच्या आवाजातली अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत फार परिणामकारक ठरते, कारण तो आवाज ओळखीचा असतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा असते आणि ज्यांनी तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. ही मर्यादा मला उपयोगाचीच वाटते, कारण ती तुम्हाला गाव, पीक आणि पेरणीच्या आठवड्याप्रमाणे छोट्या याद्या करायला भाग पाडते.

काही गोष्टी माहीत असूनही वापरायच्या नसतात. उधारीची नोंद त्यांत पहिली. थकबाकी असलेल्या शेतकऱ्याला गटात किंवा मुलाच्या फोनवर बाकीची आठवण पाठवणे म्हणजे त्याला घरात आणि गावात मान खाली घालायला लावणे आहे. उधारीची खतावणी संदेशांच्या यादीपासून पूर्णपणे वेगळी ठेवा आणि वसुलीचे बोलणे समोरासमोरच करा. त्याचप्रमाणे एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांना एकाच मालाचे वेगवेगळे भाव देऊ नका. पारावर बसले की बिले एकमेकांना दाखवली जातात, आणि ज्याला महाग मिळाले तो केवळ त्या खरेदीपुरता नव्हे, कायमचा दुरावतो. घरातला कर्ता माणूस गेल्यानंतरही त्याच्या नावाने ‘अभिनंदन’ म्हणून ऑफर येत राहणे, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ज्या भागाने शेतकरी आत्महत्यांचे दुःख एवढे सोसले आहे, तिथे ही चूक साधी मानता येत नाही. गावातून अशी बातमी कळली की त्याच दिवशी ते खाते संदेशांतून काढावे, आणि पुढे शेती पाहणाऱ्या पत्नीने किंवा मुलाने स्वतः सांगितल्यावरच त्यांच्या नावाने नवे खाते सुरू करावे.

आधारविषयी एक स्वतंत्र सूचना आहे. अनुदानित खत देताना पॉस यंत्रावर (विक्रीची नोंद करणाऱ्या यंत्रावर) शेतकऱ्याची ओळख पटवली जाते. ती सरकारी वितरणासाठीची व्यवस्था आहे. तिथला आधार क्रमांक तुमच्या वहीत किंवा संगणकात उतरवून घेण्याचे काहीच कारण नाही आणि जाहिरातीसाठी तो वापरणे कायद्यात बसत नाही. तसेच कंपनीचे प्रतिनिधी मेळाव्यासाठी म्हणून शेतकऱ्यांची यादी मागतात. ती देऊ नये. निमंत्रण तुम्ही स्वतः पाठवा, ज्याला यायचे तो येईल आणि वाटल्यास तिथे स्वतःचा क्रमांक देईल. काम सोडून जाणाऱ्या नोकराच्या खासगी फोनमध्ये तुमची अख्खी यादी राहते, ही वाट बंद करण्यासाठी दुकानाचा फोन आणि दुकानाचे सिमकार्ड वेगळे ठेवणे हा साधा उपाय आहे.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. वहीतली माहिती संगणकात भरली की तीही या कायद्याखाली येते. माहिती कशासाठी घेतो हे साध्या भाषेत सांगून संमती घ्यावी लागते, ती सूचना मराठीतही उपलब्ध असावी लागते, आणि संमती देणे जेवढे सोपे तेवढेच ती मागे घेणे सोपे असावे लागते. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दुकानाने त्या आकड्याने घाबरून जावे असे नाही, पण कुलूप लावावे एवढे नक्कीच. बिलासाठी मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना कळवले आहे. तेव्हा ज्याला क्रमांक द्यायचा नाही त्याला बिल तसेच द्या. मोठ्या संख्येने एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दुकानाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी नोंदणी करावी लागते.

काउंटरवर एक छोटा फलक लावा: ‘पीक आणि पेरणीच्या तारखेप्रमाणे सल्ला व दुकानातील मालाची माहिती पाठवण्यासाठी आपला क्रमांक घेत आहोत, नको असल्यास ‘नको’ एवढे कळवावे.’ आणि ‘नको’ आलेल्या क्रमांकावर पुन्हा काहीही पाठवू नका. हंगामात एका शेतकऱ्याला पाच-सहांपेक्षा अधिक संदेश जाऊ नयेत.

या संदेशांचा उपयोग होतो की नाही, हे तपासायचे असेल तर अर्ध्या शेतकऱ्यांना संदेश पाठवून अर्ध्यांना न पाठवण्याची पुस्तकी रीत इथे नीट चालत नाही, कारण संदेश संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतो. त्याऐवजी एकाच मंडळातली, सारखा पाऊस आणि सारखी पिके असलेली गावे निवडून त्यांतल्या काहींना ऑफर पाठवावी, काहींना नाही, आणि दोन्हीकडच्या खरेदीची मागच्या वर्षीशी तुलना करावी. ही चाचणी फक्त ऑफरपुरती असावी. बोंडअळीची किंवा उगवण तपासणीची सूचना कोणत्याही गावापासून राखून ठेवणे योग्य नाही. यश मोजताना त्या आठवड्याच्या विक्रीपेक्षा पुढच्या हंगामात किती जण परत आले आणि किती जणांनी पेरणीची तारीख आपणहून कळवली, याकडे अधिक लक्ष द्या.

शेवटी सॉफ्टवेअरचा प्रश्न. दोन हजार खात्यांसाठी साधी संगणकीय तक्ता-वही पुरते: खाते, गाव व मंडळ, पीक, क्षेत्र, ओलीत, पेरणीची तारीख, फोन कोणाचा, संमती कधी दिली, शेवटचा संदेश कोणता. ती पासवर्डने बंद ठेवा आणि तिची एक प्रत दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवा. एक खरीप आणि एक रब्बी या नोंदी सलग झाल्या, आणि तुमच्या माणसांना दर आठवड्याची यादी हाताने गाळणे खरोखरच झेपेनासे झाले, तेव्हा विकत घ्या. आणि घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा की पेरणीच्या तारखेपासून दिवस मोजून यादी काढता येते का. बहुतेक प्रणाली बिलाच्या तारखेपासून दिवस मोजतात, आणि तुमच्या कामाला ती तारीख पुरेशी नाही.